दोघांनी स्लाइड तीच बघितली ना?

"मॅडम, त्या रिपोर्टात 'कॅन्सर असू शकतो' आणि तुमच्या रिपोर्टात 'साधी गाठ'. दोघांनी स्लाइड तीच बघितली ना?" मी पॅथॉलॉजिस्ट, नसेची गाठ असलेल्या पेशंटचे नातेवाईक मला हटकून हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तीच बघितली. फसवते ती स्लाइडच. श्वानोमा म्हणजे नसेच्या आवरणातल्या श्वान पेशींची गाठ. वर्षानुवर्षं अंगात राहिली की ती म्हातारी होते, आम्ही तिला 'एन्शंट श्वानोमा'च म्हणतो. केंद्रकं मोठी, काळीकुट्ट, वेडीवाकडी. शिकत असताना अशाच एका गाठीवर मी मसुद्यात बेधडक 'सार्कोमा', म्हणजे कॅन्सरच, लिहिलं होतं. सर रागावले नाहीत. कमी ताकदीची लेन्स फिरवून एवढंच म्हणाले, "कड दाखव." कडेला जाड कवच, लगत लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचे पुंजके, आत भिंती जाड झालेल्या रक्तवाहिन्या. "आता दुभंगणाऱ्या पेशी मोज." अर्धा तास शोधलं. एकही सापडेना. म्हातारपणाचा भेसूरपणा तो, माजाचा नव्हे.

सेल्युलर श्वानोमा ही याच गाठीची दुसरी जात, तिची तऱ्हा उलटी. पेशी खच्चून भरलेल्या, दुभंगणाऱ्याही दिसतात, आणि श्वानोमाची ओळख म्हणून जे शिकवतात ते, व्हेरोके यांनी १९१० मध्ये वर्णन केलेले, रांगेत मांडलेल्या केंद्रकांचे पुंजके नेमके इथे नसतात. गाठ शेजारचं हाडही झिजवते, म्हणजे एक्स-रेसुद्धा घाबरवतो. पण दुभंगणाऱ्या पेशी जास्त ताकदीच्या लेन्सखालच्या दहा फील्डमध्ये (दहा वेगवेगळ्या जागी) मिळून बहुधा चारच्या आत. शिवाय एस-१०० हे प्रथिन दाखवणारा रंग दिला की सगळी गाठ एकसारखी तपकिरी होते. घातक गाठीत तो रंग तुटक येतो, नाहीतर येतच नाही. एच३के२७एमई३ नावाचा आणखी एक रंग आहे, तो पेशींतून पूर्ण नाहीसा झाला तर घातक असल्याचा संशय बळावतो. मात्र तो टिकला म्हणून सुटलो असं नाही, कमी दर्जाच्या घातक गाठींत तो बऱ्याचदा शाबूत असतो.

सुईने काढलेला तुकडा तर गाठीचा एक कोपरा, कड त्यात येतच नाही. आणि सोबतच्या फॉर्मवर एकच शब्द: 'गाठ'. मग मी सर्जनला फोन लावते. गाठ किती वर्षांची? हल्ली भराभर वाढली का, रात्री ठणकते का? आणि पेशंटचा शर्ट काढून बघा, अंगावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का? असे बरेच डाग म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराची खूण असू शकते, आणि त्यात नसेची गाठ घातक निघण्याचा धोका जास्त.