डोळ्याचा सुटलेला पडदा चिकटला ना, मग अजून थेंब कसले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भेटलात की विचारताच.

हो, चिकटला. पहिल्याच ऑपरेशनमध्ये चिकटला. थेंब पडद्यासाठी नाहीतच, डोळ्यातल्या दाबासाठी आहेत. १० ते २१ पर्यंतचा दाब साधारण ठीक धरतात. माझा एकदा ३८ भरला होता. आणि तो मीच चढवून घेतला, हे तोंडातून निघायला मला चार वर्षं लागली.

ऑपरेशननंतर स्टिरॉइडचे थेंब होते. दिवसातून चारदा, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत बंद. कागदावर स्वच्छ लिहिलेलं. पण कमी केले की डोळा लाल व्हायचा, खुपायचा, आणि मला वाटायचं, पडदा पुन्हा सुटतोय. मग मी चारदाच घालत राहिले. बाटली संपली, दुसरी आणली. तपासणीची तारीखसुद्धा पुढे ढकलली, कारण डोळा कसा छान पांढरा दिसत होता! दुखणं नाही, ठणका नाही. दाब हळूहळू चढला तर कळतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेलही. ऑपरेशननंतर पालथं पडून काढलेल्या त्या दिवसांत कानावर आलेलं किती आत शिरलं, देव जाणे.)

सात आठवड्यांनी तो निळा दिवा डोळ्याला भिडला. डॉक्टरांनी दाब मोजला, काही न बोलता पुन्हा मोजला. मग विचारलं, "स्टिरॉइड कधी बंद केलंत?"

"नाही केलं."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती बाटली मागून घेतली आणि खणात टाकली. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. बोटांना मुंग्या, सारखी लघवी. दाब आठवडाभरात उतरला. डोळ्याच्या नसेच्या तंतूंचा थर मात्र ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, ९१ मायक्रॉन होता, तो वर्षभरात ७४ वर आला. तो पुन्हा जाड होत नाही.

सगळं स्टिरॉइडनेच झालं कशावरून? हे मीही स्वतःला शंभरदा ऐकवलंय. पडदा सुटला तेव्हाच काही पेशी गेल्या असतील. ऑपरेशनची सूज ओसरली की थर तसाही पातळ दिसतो. सिलिकॉन ऑइलनेही दाब वाढतो, आणि पडदा जागेवर धरायला घातलेलं ते माझ्या डोळ्यात सहा महिने होतं. कशाने किती गेलं, ते डॉक्टरही सांगत नाहीत. कागद न पाळणारी मीच, हे खरं. पण एका सकाळी जिचं अर्धं दिसणंच काळ्या सावलीखाली गेलं, ती बाई लालीला घाबरणार नाही तर काय!

तर आता सकाळ-संध्याकाळ एक औषध आणि रात्री दुसरं. रात्री दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर. थेंब पडला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दाबून बसायचं. बोलता बोलता उठून आत जाते ती त्यासाठी.

दाब सध्या १४ आहे. थर गेल्या खेपेला ७३ भरला. एवढा फरक मशीनचाच असतो, असं डॉक्टर म्हणाले. दिवसा पटतं.