आठवड्याला दहा तास

एप्रिलमध्ये ताई आली होती कार्डिफहून, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीतून. ताई म्हणजे माझी मामेबहीण, तिकडे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, सोबत तिची चार वर्षांची पोरगी. नागपूरचा एप्रिल, त्यामुळे अकरानंतर बाहेर निघायचा प्रश्नच नाही, पोरगी दिवसभर कूलरसमोर चटईवर लोळत टॅबवर कार्टून बघायची, आणि आमचा कूलर एवढा घरघरतो की आवाज फुल्ल केल्याशिवाय तिला ऐकू यायचं नाही, म्हणजे सगळ्या घरालाच ऐकू जायचं. मी बाजूच्या खोलीत एडिटिंग करत बसलेली. दोन दिवस मला वाटलं इंग्लिशच आहे, तिकडच्या ॲक्सेंटमुळे कळत नसेल. तिसऱ्या दिवशी विचारलं तर ताई म्हणाली, अगं इंग्लिश कुठं, वेल्श आहे ते, तिची शाळाच वेल्श मिडियमची आहे.

येताना तिने टॅबवर एपिसोड डाऊनलोड करून आणले होते, बीबीसीच्या आयप्लेअरवरून. पण कार्यक्रम होते एस-फोर-सी नावाच्या दुसऱ्याच चॅनेलचे. पूर्ण नाव शानेल पेडवार कम्री, म्हणजे वेल्सचं चौथं चॅनेल. त्यांचं लहान मुलांसाठी वेगळं आहे, क्यू, म्हणजे पिल्लू, एक पिवळं कोंबडीचं पिल्लू असतं त्यात, २००८ पासून चालू आहे. मी म्हटलं चॅनेल एकाचं, ॲप दुसऱ्याचं, हे कसं काय? ताईला फार माहिती नव्हती, ती म्हणाली तिकडे दोघं मिळूनच चालवतात.

त्याच दिवशी दुपारी आमचा कॅमेरावाला भाऊ फुटेज द्यायला आला. तो एटापल्लीकडचा, गडचिरोली जिल्ह्यातला, घरची भाषा गोंडी. हार्डडिस्क कॉपी होईपर्यंत पोरीजवळ बसून टॅब बघत होता, मग मला म्हणाला, "ताई, हे कोणती भाषा होय? किती लोकं बोलतात हे?" मी तिथंच मोबाईलवर शोधलं. २०२१ च्या त्यांच्या जनगणनेत ५,३८,३०० लोक, म्हणजे वेल्सच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. २०११ मध्ये आपलं नागपूर शहरच २४ लाखांचं होतं, त्याच्या पाव हिस्साही नाही. तो जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "एवढ्याशा लोकांले अख्खं चॅनेल भेटते?"

२०११ च्या आपल्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख आहेत.

हे दोन आकडे माझ्या डोक्यातून जाईनात म्हणून मग मी पंधरा-वीस दिवस, कामं आटोपल्यावर रात्री, जे सापडेल ते वाचत गेले. आणि जितकं वाचलं तितकं लक्षात आलं की त्यांना कोणी प्रेमाने चॅनेल दिलेलं नाही, ते भांडून घेतलंय.

सुरुवात रेडिओपासून होते. १३ फेब्रुवारी १९६२ ला सॉन्डर्स लुईस नावाच्या लेखकाने बीबीसीच्या रेडिओवर वेल्शमध्ये भाषण दिलं, विषय होता भाषेचं भवितव्य, आणि त्यात स्पष्ट सांगितलं की असंच चालू राहिलं तर एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास ही भाषा जिवंत भाषा म्हणून संपेल. त्याच वर्षी तरुणांची वेल्श भाषा संघटना निघाली. म्हणजे ज्या बीबीसीशी पुढे हे लोक वर्षानुवर्षं भांडले, त्याच बीबीसीच्या माईकवरून या सगळ्याची सुरुवात झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून आहे, आमच्याकडे आजोबांच्या रेडिओचं लायसन्सचं पुस्तक अजून जपून ठेवलंय, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्यावर तिकीट चिकटवून घ्यायचं, त्यामुळे रेडिओवर कोण काय बोलतंय याचं घरात केवढं वजन असायचं हे मी ऐकत आलेय.

तेव्हा वेल्शमधले कार्यक्रम होते, नव्हते असं नाही, पण कसे, तर बीबीसीवर थोडे आणि एचटीव्ही या खासगी चॅनेलवर थोडे, इंग्लिश कार्यक्रमांच्या मध्ये खुपसलेले. त्यामुळे वेल्श येणाऱ्यांना पुरत नव्हते आणि न येणारे चिडायचे की आमची मालिका कापून हे काय लावलं, कितीतरी घरांनी तर छतावरचे अँटेना इंग्लंडच्या टॉवरकडे फिरवून घेतले होते. अँटेना फिरवणं आपल्यालाही माहीत आहे, गच्चीवर एक जण, खाली एक जण, आलं का, नाही अजून थोडं. पण आपण चित्र यावं म्हणून फिरवायचो, ते भाषा येऊ नये म्हणून फिरवत होते.

मग मागणी झाली की वेल्शला वेगळं चॅनेल द्या. १९७९ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या पक्षाने जाहीरनाम्यात तसं वचन दिलं, निवडून आले, आणि त्याच सप्टेंबरात गृहमंत्री व्हाइटलॉ यांनी जाहीर केलं की वेगळं चॅनेल नाही. तिकडे घरी टीव्ही ठेवायचा तर लायसन्स फी भरावी लागते, बीबीसी त्याच पैशावर चालते, लोकांनी ते लायसन्स भरायचं बंद केलं. त्या ऑक्टोबरात पेंकारेग इथल्या ट्रान्समीटरमध्ये तीन जण शिरले आणि त्यांनी तो बंद केला, आणि हे कोणी टवाळ पोट्टे नव्हते हं, मान असलेली विद्वान मंडळी होती. आणि मग ग्विन्व्हॉर एव्हन्स. वेल्श राष्ट्रीय पक्षाचे पहिले खासदार, १९६६ च्या पोटनिवडणुकीत कार्मार्थनमधून निवडून आलेले. १९८० मध्ये ६७ वर्षांच्या या माणसाने सांगितलं की ६ ऑक्टोबरपासून मी अन्न सोडणार, आणि चॅनेल मिळेपर्यंत खाणार नाही, मेलो तरी चालेल.

आपल्याला उपोषण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, इथून सेवाग्राम दीड-दोन तासांवर आहे. आणि भाषेसाठी उपोषण कुठवर जातं तेही माहीत आहे, १९५२ च्या डिसेंबरात आंध्रसाठी पोट्टी श्रीरामुलू गेले, त्यानंतर भाषावार राज्यांचं चाक फिरलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आलं. एव्हन्स यांच्यावर ती वेळ आली नाही. त्यांनी ठरवलेल्या तारखेच्या जवळपास तीन आठवडे आधी, १७ सप्टेंबरला सरकार नमलं. आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एस-फोर-सी सुरू झालं. तारीख वाचून मी दोनदा बघितलं.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते. चॅनेल मंजूर झालं ठीक आहे, पण त्यावर दाखवायचं काय? पाच लाख लोकांच्या भाषेत रोज नवीन कार्यक्रम करणं म्हणजे केवढा खर्च, मी या धंद्यात आहे म्हणून मला कळतं, अर्ध्या तासाचा साधा कार्यक्रम करायचा तरी शूट, लाईट, साऊंड, एडिट, मिक्सिंग, कुठेकुठे पैसा जातो. तर त्यांनी कायद्यातच लिहून टाकलं की बीबीसीने आठवड्याला साधारण दहा तासांचे वेल्श कार्यक्रम स्वतः बनवायचे, लायसन्स फीच्या पैशातून, आणि ते एस-फोर-सीला फुकट द्यायचे. पुढे हिशोब वर्षाला किमान ५२० तासांचा झाला. सुरुवातीला चॅनेलवर वेल्श होतं आठवड्याला साधारण २२ तास, त्यातले दहा एकट्या बीबीसीचे, बाकी एचटीव्ही आणि छोट्या स्वतंत्र निर्मात्यांकडून, उरलेल्या वेळात चॅनेल फोर या ब्रिटनमधल्या दुसऱ्या चॅनेलचे इंग्लिश कार्यक्रम. २०१० मध्ये डिजिटल झाल्यावर ते इंग्लिश कार्यक्रम गेले आणि चॅनेल पूर्ण वेल्श झालं.

आणि बीबीसीने दिलं काय ते बघा. उरलंसुरलं नाही दिलं. त्यांची १९७४ पासून चाललेली, स्वतःच्या चॅनेलवर नाव कमावलेली रोजच्या आयुष्याची मालिका होती, पोबोल अ कूम, म्हणजे खोऱ्यातली माणसं, ती अख्खी उचलून नव्या चॅनेलला दिली. अजून बीबीसीच बनवते, कार्डिफच्या स्टुडिओत, आणि दाखवते एस-फोर-सी, पन्नास वर्षं झाली त्या मालिकेला. बातम्याही तशाच, वार्ताहर बीबीसीचे, चॅनेल यांचं. एखादी मोठी संस्था आपला सगळ्यात चालणारा कार्यक्रम दुसऱ्याच्या पडद्यावर लावायला देते हे मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

एस-फोर-सी स्वतः जवळपास काही बनवत नाही, बाहेरच्यांकडून बनवून घेते. त्यामुळे लनेथ्ली, कायरनार्व्हनसारख्या गावांत प्रॉडक्शन कंपन्या उभ्या राहिल्या, तिथली मुलं कॅमेरा, साऊंड, एडिटिंग शिकून त्यावर घर चालवायला लागली. हे वाचताना मला फार वाटलं. आमच्याकडे या लाईनमध्ये जरा हात बसला की मुंबई नाहीतर पुणे, मागे राहिलेले लग्नाचे व्हिडिओ करतात. तिकडे भाषेमुळे गावात रोजगार आला. हिंटरलँड म्हणून त्यांची पोलिसांची मालिका आहे, त्यात प्रत्येक सीन दोनदा शूट केला, एकदा वेल्शमध्ये, एकदा इंग्लिशमध्ये, तेच नट, तोच पाऊस, तेच डोंगर. वेल्श २०१३ मध्ये आधी एस-फोर-सीवर लागली, इंग्लिश नंतर बीबीसीवर. सीन दोनदा करायचा म्हणजे दिवसाचं शेड्यूल किती ताणलं जातं हे सेटवर उभं राहिलेल्यालाच कळेल, पण त्यातून एका खर्चात दोन भाषांना काम मिळालं आणि छोटी भाषा पहिल्या नंबरला राहिली.

सगळं गोडच आहे असं नाही. आधी एस-फोर-सीला सरकार थेट पैसे द्यायचं, वर्षाला साधारण १० कोटी पौंड, आणि महागाईप्रमाणे ते वाढवायचं हे पण कायद्यातच होतं. २०१० च्या ऑक्टोबरात सरकारने काही दिवसांच्या घाईत ठरवलं की चार वर्षांत जवळपास चौथा हिस्सा कापायचा आणि २०१३ पासून बराचसा भार बीबीसीच्या लायसन्स फीवर टाकायचा. लोक पुन्हा रस्त्यावर आले, लायसन्स भरणार नाही म्हणाले. २०२२ पासून तर सगळा सार्वजनिक पैसा लायसन्स फीतूनच येतो. मला ही गोष्ट खटकते, कारण भागीदारी वेगळी आणि दुसऱ्याच्या पाकिटावर जगणं वेगळं, आणि उद्या लायसन्स फीच बंद करायची ठरली तर या चॅनेलचं काय ते कोणी आधी विचारून ठरवेल असं वाटत नाही. तरी एक बरं, एस-फोर-सीचं बोर्ड वेगळं आहे, काय दाखवायचं ते स्वतः ठरवतात, आणि २०१८ मध्ये त्यांनी मुख्य ऑफिस कार्डिफमधून काढून कार्मार्थनला नेलं. ग्विन्व्हॉर एव्हन्स जिथून निवडून आले होते तेच कार्मार्थन.

एवढं करून वेल्श बोलणारे वाढले का, तर नाही, २०११ मध्ये १९ टक्के होते ते २०२१ मध्ये १७.८ झाले. टीव्हीने एकट्याने भाषा वाचत नाही हे मला मान्य आहे. पण ताईची पोरगी, जिची आई नागपूरची, बाप तेलुगू, ती शेजारच्या आजीशी वेल्शमध्ये बोलते, कारण शाळेतून घरी आल्यावरही ती भाषा तिच्या कानावर पडत राहते.

माझा भाचा इथं नागपूरच्या महाल भागात वाढतोय, मराठी घर, आणि खेळताना बोलतो हिंदीत, कार्टूनमधली हिंदी, "अरे नहीं, बचाओ" वगैरे. मी हिंदीवर रागवत नाही, नागपूरच्या तोंडात दोन्ही भाषा पहिल्यापासून आहेत. पण मराठीला निदान आठ कोटी लोक आहेत, सह्याद्री आहे, खासगी चॅनेल आहेत, २०२४ मध्ये अभिजात दर्जाही मिळाला. मराठीचं काय होईल म्हणून आपण एवढे लेख लिहितो, आणि हे शहर ज्यांनी वसवलं त्या बख्त बुलंद शाहांच्या लोकांची भाषा, म्हणजे गोंडी, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही, तिचं स्वतःचं सरकारी टीव्ही चॅनेल नाही. सेमिनरी हिल्सला दूरदर्शनचं केंद्र आहे, सिव्हिल लाईन्सला आकाशवाणी आहे, दोन्ही प्रसार भारतीच्याच. मला मोठं काही मागायचं नाही, चॅनेलही नको सध्या. गोंडीला आठवड्याला ठरलेले तास द्या, आणि ते कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवू नका, अधिकारी बदलला की कार्यक्रम बदलतो, ते लिहून द्या, कायद्यात. बनवायला गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाड्याची पोरं घ्या. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, मुख्यतः या चार राज्यांत ही भाषा पसरलेली, कुठल्याच एका राज्याला ती आपली वाटत नाही, म्हणून तर हे काम केंद्राच्या संस्थेनेच केलं पाहिजे.

हे सगळं मी कॅमेरावाल्या भाऊला सांगितलं. तो ऐकून घेतो, बोलतो कमी. एक गोष्ट मी आधीपासून बघत आलेय, आईचा फोन आला की तो खोलीच्या बाहेर जाऊन, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात बोलतो. कधीतरी त्याला गोंडीवरून कोणी काही बोललं असेल, मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात तो गावाला जाऊन आला आणि आल्यावर त्याने हार्डडिस्क माझ्यासमोर ठेवली. त्याची आई अंगणात बसून गोष्ट सांगतेय, नातू-नाती भोवती, मागे कोंबड्या, अकरा मिनिटं, एकच शॉट, लाईट संध्याकाळचा आणि आवाज एकदम साफ, कारण त्याने कॉलर माईक लावला होता, घरच्या शूटला कोणी लावत नाही तो. म्हणाला, "ताई, खाली मराठी अक्षरं टाकून द्या न, पोट्ट्यायले पाहाले होईल." मला गोंडी येत नाही, म्हणून तो बाजूला खुर्ची ओढून बसला, एकेक वाक्य थांबवून अर्थ सांगत गेला आणि मी टाईप करत गेले. तेवढ्यात त्याच्या आईचाच फोन आला. उचलला, आणि इथंच खुर्चीवर बसून बोलला, कूलर चालू होता म्हणून जोरात. रात्रीपर्यंत साडेतीन मिनिटांचं झालं, उरलेलं रविवारी करू.