हनुवटीवरचे केस आणि पायांवरचे केस, दोन्हींना एकच उपाय नाही

बऱ्याच दिवसांपासून यावर लिहायचं मनात होतं, कारण आमच्या इंदूरच्या मराठी घरांत या विषयावर बोलतात सगळ्या, पण कुजबुजत, आणि नेमकं जे बोलायला हवं ते राहूनच जातं. वॅक्स बरं की रेझर, क्रीम लावू का, लेझरने खरंच जातात का, असे प्रश्न मला मैत्रिणी विचारतात, त्यांच्या मुली विचारतात, पण केस आहेत कुठे आणि आले कधी हे कोणी सांगतच नाही, आणि माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच असतं.

हातापायांवरचे केस, काखेतले केस, हे सगळ्यांनाच येतात, कोणाला जास्त कोणाला कमी, आजी-आत्यावर गेलं की जास्त. ते काढायचे की ठेवायचे हा निव्वळ आवडीचा विषय आहे. पण हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, छातीवर, बेंबीच्या खाली जाड काळे राठ केस यायला लागले की ते हार्मोनचं काम असतं, म्हणजे अँड्रोजेन नावाची जी हार्मोन्स बायकांच्या शरीरातही थोडी असतातच ती वाढलेली असतात किंवा त्वचा त्यांना जास्त दाद देत असते, आणि तिथे पार्लरच्या आधी डॉक्टर लागतो. सगळ्यात जास्त वेळा यामागे पीसीओएस, म्हणजे ओव्हरी आणि हार्मोनचा बिघाड, निघतं. पाळी पुढे-पुढे जाते, पिंपल्स जात नाहीत, वजन वाढतं, मान काळी पडते, आणि आपण प्रत्येक गोष्टीला वेगळी क्रीम लावत बसतो. मानेवरचा आणि काखेतला तो मखमलीसारखा जाडसर काळेपणा बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, तो ब्लीचने जाणार नाही, तिथे शुगर तपासायची असते.

माझ्या भाचीचंच सांगते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, चांगली आंब्याची डाळ-पन्हं चाललेलं असताना, एका काकूंनी तिची हनुवटी बोटांनी वर करून सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, लग्नाचं बघायचंय ना आता, हे काय ठेवलंयस!" पोरगी कॉलेजात शिकते, हुशार, ती तिथून उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला त्या काकूंचा अजून राग आहे. त्या बाईला पोरीचे केस दिसले, पण तिची पाळी तीन-तीन महिने येत नाही हे विचारायचं सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या ताईलाही तोपर्यंत सुचलं नव्हतं, "वयात असं होतंच" म्हणून सोडून दिलेलं. मग गेलो डॉक्टरकडे, रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं झालं आणि पीसीओएसच निघालं.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की डॉक्टरांकडे याची मोजायची एक पद्धत असते. फेरिमन आणि गॅल्वे या दोघांनी 1961 मध्ये ती मांडली, नंतर थोडी बदलली, आता शरीराच्या नऊ जागा बघतात आणि प्रत्येकीला 0 ते 4 मार्क देतात. भाचीला त्याने इतकं बरं वाटलं, की आपल्यासारख्या एवढ्या जणी आहेत की त्याचा तक्ता केलेला आहे! औषधं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं की सहा महिने तरी केसांत फरक दिसणार नाही, कारण जो केस उगवलाय तो आपलं आयुष्य पूर्ण करूनच जातो. हे माहीत नसेल तर पोरी दोन महिन्यांत गोळ्या सोडून देतात. एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही, थोड्याच महिन्यांत भराभर केस वाढले, आवाज जाडा झाला, डोक्यावरचे केस पुरुषांसारखे विरळ व्हायला लागले, तर तडक डॉक्टर गाठा, क्वचित कधी ओव्हरीत किंवा किडनीवरच्या ग्रंथीत गाठ असते. आणि पाळी गेल्यानंतर हनुवटीवर येणारे दोन-चार राठ केस, ते मात्र बहुतेक जणींना येतात, ते चिमट्याने काढा आणि विसरा.

आता काढायच्या पद्धती. रेझरला आपल्याकडे उगाच बदनाम करून ठेवलंय, "वस्तरा लावू नकोस, दाढी येईल". मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या बाईंनी 1928 मध्येच दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून बघितले होते आणि शेव्हिंगने केस जाड होत नाहीत, लवकरही वाढत नाहीत असं दाखवलं होतं. होतं काय की न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, ब्लेडने ते सपाट कापलं जातं, म्हणून खुंट हाताला टोचतो आणि जाड वाटतो. मूळ त्वचेच्या आत आहे, ब्लेड तिथे पोचतच नाही. त्यामुळे बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळेत पोरं चिडवतात म्हणून रडत असेल तर तिला गरम वॅक्सला बसवण्यापेक्षा आंघोळीनंतर, साबण किंवा जेल लावून, साधा नवीन रेझर कसा फिरवायचा ते शिकवावं, दुखत नाही आणि स्वस्तही आहे. रेझर भावाचा-बाबांचा नको, स्वतःचा हवा आणि बोथट झाला की फेकायचा.

क्रीममध्ये थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार असतात, ते केसातल्या केराटिनचे बंध तोडतात म्हणून केस मऊ होऊन पुसला जातो, तो विशिष्ट वास त्याचाच. पण त्वचाही केराटिनचीच असते, म्हणून डब्यावर लिहिलेल्या मिनिटांच्या वर एक मिनिटही ठेवायचं नाही आणि आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं. चेहऱ्यावर पायांचं क्रीम लावू नका.

वॅक्सवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय कारण आमच्या घरी ते आईच्या हातचं असायचं. साखर, लिंबाचा रस, थोडं पाणी, मंद गॅसवर, मधासारखा रंग आला की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाकायचा, गोळीबंद झाला की गॅस बंद. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर एक तर ओघळतं नाहीतर दगड होतो. जुन्या जीन्सच्या पट्ट्या कापून, धुऊन, दोरीवर वाळत घातलेल्या असायच्या आणि आम्ही बहिणी एकमेकींचे पाय करायचो. केस वाढतो त्या दिशेने लावायचं, उलट्या दिशेने खेचायचं, पट्टी त्वचेला समांतर ठेवून, वर उचलून नाही, आणि खेचल्यावर लगेच हात दाबून ठेवायचा, झोंबणं तिथेच कमी होतं. केस साधारण अर्धा सेंटीमीटर तरी वाढलेला हवा, नाहीतर पकडतच नाही. पार्लरमध्ये चॉकलेट म्हणा, रिका म्हणा, काही म्हणा, मी बघते ती एकच गोष्ट की चमचा अंगाला लावून परत त्याच डब्यात बुडवतात का. बुडवत असतील तर मी उठून येते. आणि पिंपल्ससाठी ट्रेटिनॉइन, अडापालीन लावत असाल किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स बिलकुल नको, केसाबरोबर त्वचेचा पापुद्राही निघून येतो. पार्लरवाली हे विचारत नाही, आपणच सांगायचं.

अजून एक, खास इंदूरवाल्यांसाठी. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जायचं असेल तर आदल्या दिवशी वॅक्स करून जाऊ नका. केस उपटल्यावर ती छिद्रं उघडी असतात, त्यात तो गुलाल आणि टँकरचं रंगीत पाणी गेलं की दोन दिवसांनी पायभर लाल पुटकुळ्या येतात. चार दिवस आधी करा किंवा रंग सुटल्यावर करा. बारीक पुटकुळ्या आणि आतल्या आत वळलेले केस ज्यांना वारंवार होतात, पुरुषांना दाढीच्या जागी पण होतात, त्यांनी नखाने कोरू नये, डाग राहतात आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर ते डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

"वॅक्सने तर मुळापासून निघतात, मग आठवड्यात परत कसे?" हे मला हमखास विचारतात. सगळे केस एका वेळी वाढत नसतात. काही वाढीत असतात, काही थांबलेले, काही गळायच्या बेतात, प्रत्येकाचं चक्र वेगळं. जे दिसतात ते तुम्ही आज काढले, जे आत होते ते पुढच्या आठवड्यात वर आले. आणि केस उपटला तरी त्याचं बीज आत शाबूत असतं. म्हणूनच बेसन, हळद, कणकेची गोळी यांनी केस कायमचे जात नाहीत. बाळाच्या अंगावरची लव आपण गोळीने घालवली असं वाटतं, ती तशीही आपोआप गळते, गोळी फिरवून बाळाची नाजूक त्वचा तेवढी सोलवटते. प्लीज नका करू.

थ्रेडिंग अपर लिप आणि हनुवटीला चांगलं, एका टोकाला दातात धरलेला दोरा, "दीदी, टाइट पकड़ो" म्हणणारी ती मुलगी, पावडरचा हात, आणि डोळ्यांतून आपोआप येणारं पाणी, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दोरा नवीन घ्यायला सांगा.

आता लेझर, ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात कमी माहिती असते. लेझरचा उजेड केसातल्या काळ्या रंगात, म्हणजे मेलॅनिनमध्ये शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि बीज दुखावलं जातं. म्हणून पांढऱ्या केसांवर तो चालत नाही, आणि वाढीतल्याच केसांवर नीट चालतो, म्हणून एका सिटिंगमध्ये होत नाही, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ तरी लागतात. आता आपली त्वचाही मेलॅनिनवालीच आहे, उजेड तीही शोषते, म्हणून चुकीच्या मशीनने भाजल्याचे डाग पडतात. सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग नावाचं लेझर सगळ्यात सुरक्षित मानतात, 810च्या आसपासचं डायोडही आपल्याकडे खूप वापरतात. मशीन कुठली हे विचारायला लाजू नका, आणि चालवणार कोण, त्वचेचा डॉक्टर तिथे हजर असणार का, हेही. आधी छोट्या जागेवर टेस्ट करून घ्या. पॅकेजचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी भरा म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही. लेझरच्या आधी महिनाभर वॅक्स-थ्रेडिंग बंद, कारण मूळच नसेल तर उजेड मारणार कशावर, रेझर चालतो. आणि मे महिन्याच्या उन्हात ॲक्टिव्हावर फिरून हात टॅन झालेले असतील तर थांबा, स्टोल आणि लांब मोजे घातलेत तरी चेहरा थोडा रापतोच, आम्ही भाचीचं पावसाळा लागल्यावर सुरू केलं.

केस खूप कमी होतात, बारीक होतात, पण काही परत येतात, हार्मोनचा घोळ चालू असेल तर जास्त येतात, म्हणून वर्षाकाठी एखादी सिटिंग धरूनच चला. आणि गालावरच्या नुसत्या बारीक लवेवर लेझर मारू नका, आपल्याकडच्या बायकांमध्ये, विशेषतः पीसीओएस असेल तर, कधीकधी ती लव उलट जाड काळी होते, हे डॉक्टरांनी आम्हाला स्वतःहून सांगितलं म्हणून मला त्यांच्यावर विश्वास बसला. पांढऱ्या केसांना मग इलेक्ट्रोलिसिस आहे, बारीक सुईने एकेका केसाच्या मुळाशी करंट देतात. 1875 मध्ये अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी हे काढलं. एकेक केस करायचा म्हणजे वेळ फार लागतो, पण हनुवटीवरच्या मोजक्या केसांना छान.

डिलिव्हरीला जाताना खालचे केस काढलेच पाहिजेत असं अजूनही सासवा-नर्सा सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की नॉर्मल डिलिव्हरीसाठी सरसकट शेव्ह करायची गरज नाही, आणि ऑपरेशन असेल तरी रेझर नको, फार तर क्लिपरने कापा, कारण ब्लेडच्या बारीक जखमांतून इन्फेक्शन होतं. तिथले केस म्हणजे अस्वच्छता नाही.

मी स्वतः हातांवरचे केस काढणं सोडलंय, बिनबाह्यांचं ब्लाउज घालून सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला जाते, कोणाचं काही अडत नाही. भाचीला मात्र हनुवटीचे नको आहेत आणि ते तिने ठरवायचं, मी ठरवणार नाही, त्या काकू तर नाहीच नाही.

आणि ज्या पहिल्यांदा डॉक्टरकडे जाणार आहेत त्यांनी जायच्या आधी थ्रेडिंग करून चेहरा साफ करून जाऊ नका, बहुतेक जणी लाजेपोटी हेच करतात आणि मग डॉक्टरांना बघायला काही उरतच नाही. दोन आठवडे वाढू द्या, ते जमत नसेल तर काढायच्या आधी फोनमध्ये उजेडात फोटो काढून ठेवा, गेल्या सहा-आठ महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहून न्या, चालू असलेल्या गोळ्यांची आणि क्रीमची नावं पण, गोरेपणाची क्रीम लावत असाल तर ती ट्यूबच बरोबर न्या, काहींमध्ये स्टिरॉइड असतं आणि त्याने पण चेहऱ्यावर केस येतात.