तुम्ही विचारलेत म्हणून : मामाच्या वहीतले कोकण

"इस्रायल ही तुमची पूर्वजांची भूमी, आणि तुम्ही राहताही तिथेच, मग पूर्वजांचे गाव पाहायला चार पिढ्या घेऊन कोकणात कशाला आलात?" हा प्रश्न मला अलिबागच्या खाणावळीत विचारला गेला, ठाण्याच्या शाळूसोबतिणींनी विचारला आणि परत गेल्यावर अश्दोदमधल्या माझ्या मोरोक्कन शेजारणीनेही, जवळजवळ याच शब्दांत, विचारला. तोंडी उत्तर देताना मी दर वेळी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली. खरे उत्तर एका वहीत आहे आणि ते सांगायला थोडी जागा लागते.

ही वही माझ्या मामाची. आईचे माहेरचे आडनाव पेणकर. मामा १९५८ साली इस्रायलला गेला आणि दक्षिणेकडच्या वाळवंटात नव्यानेच वसत असलेल्या डिमोना गावी कापड गिरणीत लागला. आम्ही बेने इस्रायल. म्हणजे शेकडो वर्षे कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. भारतात आम्हांला आमचे यहुदीपण कधी सिद्ध करावे लागले नव्हते. तिथे मात्र १९६२ साली मुख्य रब्बींच्या धर्मपीठाने असा आदेश काढला, की बेने इस्रायलांपैकी कोणी समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करणार असेल, तर त्याच्या आईची, आईच्या आईची, अशी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. लोक संतापले, जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, संसदेत चर्चा झाली आणि १९६४ साली त्या आदेशातून आमच्या समाजाचे नाव काढून टाकण्यात आले. मामाचे लग्न नेमके त्याच दोन वर्षांत ठरत होते. त्याने ठाण्याला आजोबांना पत्रांवर पत्रे पाठवली आणि आलेल्या उत्तरांवरून एका दोनशेपानी वहीत चार पिढ्यांची नावे, गावे, सोयरिका आणि कोणाला कुठे पुरले आहे हे सारे सुवाच्य अक्षरात उतरवून काढले.

पुढे ती वही कोणी मागितलीच नाही. मामा गेल्यावर त्याच्या कपाटात ती मला मिळाली. आपण यहुदी आहोत हे दाखवण्यासाठी लिहिलेल्या त्या वहीत जेरुसलेमचा उल्लेख एकदाही नव्हता. होती ती नवगाव, पेण, रोहे, अष्टमी, चौल, रेवदंडा, तळे अशी नावे. मी ती आईला वाचून दाखवली. आई त्र्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, "यातली निम्मी गावं मी पाहिलेली नाहीत. मला घेऊन चल." एवढेच कारण होते, आणि मला ते पुरेसे वाटले.

डिसेंबरात आम्ही निघालो : आई, मी, माझी मुलगी व जावई, त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा आणि माझा भाऊ. मुलीला मराठी कळते, पण उत्तर ती हिब्रूतून देते. नातवाला 'बस', 'जेवलास का' आणि दोन शिव्या एवढेच येते. हिब्रूत आजीला सावता म्हणतात. मी १९८४ साली तिकडे गेले, तेव्हा हा शब्द ऐकून मला थेट सावता माळी आठवला होता, आणि अजूनही नातवाने हाक मारली की कांदा-मुळा-भाजी डोळ्यांपुढे येते.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा आणि तिथून गाडीने नवगाव. अलिबागच्या उत्तरेला असलेले हे किनाऱ्यावरचे गाव म्हणजे आमच्या कथेचा उगम. परंपरा अशी, की फार प्राचीन काळी इथे एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, आणि वाहून आलेली प्रेते गावकऱ्यांच्या मदतीने दोन उंचवट्यांखाली पुरण्यात आली, पुरुष एकीकडे आणि स्त्रिया दुसरीकडे. ही घटना नेमकी कधीची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. चित्पावनांच्या कथेतही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेतेच आहेत, हे मराठी वाचकाला मी वेगळे सांगायला नको. कोकणच्या किनाऱ्याला चौदा हा आकडा आवडत असावा. माझा त्या कथेवर इतिहास म्हणून फारसा विश्वास नाही. तरी तिथल्या स्मारकाच्या स्तंभापाशी आईने पदर डोक्यावर घेतला, तेव्हा मीही ओढणी घेतली.

जुन्या कबरस्तानातल्या काही दगडांवर हिब्रू अक्षरांच्या खाली मराठी आहे. नातू हिब्रू वाचत होता, आई मराठी वाचत होती, आणि एका दगडावर हिब्रू झिजून नुसती मराठीच उरली होती, तिथे तो अडला. आईने त्याला ती ओळ बोटाने चाचपत वाचून दाखवली आणि मुलीने तिचे हिब्रू केले. एका दगडासाठी तीन माणसे लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ज्यांच्याकडून गाडी ठरवली होती, त्यांनी आम्ही तीनदा सांगूनही नेमका शनिवारीच पेणचा फेरा आखला होता. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढत आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत; सोमवारी बैल न जुंपणारे ते सोमवार तेली. ज्या एका गोष्टीवरून गावाने आम्हांला ओळखले, तीच मोडून गाव पाहायला जाणे आईला पटेना. गाडीचे पैसे बुडाले आणि आम्ही अलिबागेत राहिलो.

सकाळी चालतच इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ मशिदीत गेलो. बाहेरच्यांना नवल वाटते, पण आमची जुनी माणसे सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात. १८४८ साली बांधलेली आणि १९१० साली पुन्हा उभारलेली ही वास्तू आहे. चपला बाहेर काढून आत जायचे, ही आमची कोकणातली रीत आहे. नातवाला ती ठाऊक नव्हती आणि तो दारातच बूट घालून उभा राहिला. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. आमचे दोघे धरून नऊ झाले. तेरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मुलगा धरत नाहीत, त्यामुळे नातू जमेत नव्हता. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "चला, सुरुवात करू या," आणि दहा न भरल्यामुळे त्या दिवशी पेटीतून तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर न काढताच प्रार्थना झाली. जो समाज भारतात एके काळी सुमारे वीस हजारांचा होता, तो आज काही हजारांवर आला आहे, आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. हे आकडे मला पूर्वीपासून माहीत होते. तोरा का काढली नाही, असे नातवाने विचारले, तेव्हा मात्र मला उत्तर देता आले नाही, कारण ते दहावे माणूस डिमोनात, अश्दोदमध्ये, म्हणजे आमच्याच घरात होते. आम्हांला इथून कोणी हाकलले नव्हते. आम्ही आपले आपण गेलो. देव तिकडे आहे, नोकरी तिकडे आहे, भाऊबंद तिकडे गेले आहेत, अशी कारणे होती आणि ती खरीही होती.

खंडाळे गावाजवळ एलियाहू हन्नाबीचा टापा आहे, म्हणजे संदेष्टा एलियाहू स्वर्गात जाताना त्याच्या रथाने जिथे खडकावर खूण ठेवली असे मानतात ती जागा. तिथे नवस फेडतात. आम्ही रविवारी मलिदा केला : भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि वर फळे. मलिदा आम्ही अश्दोदलाही करतो, पण त्यासाठी पोहे भारतीय दुकानातून आणावे लागतात आणि आईच्या मते त्यांना वास नसतो.

आणि सोमवारी एकदाचे पेण. १८६३ सालची बेथ हाएलोहीम मशीद, गणपतीच्या कारखान्यांच्या ओळी आणि रंग न दिलेल्या शेकडो पांढऱ्या मूर्ती, ज्यांच्यापुढून नातू हलायला तयार नव्हता. वहीत घराचा पत्ता होता. त्या जागी आता तीन मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलचे दुकान. समोरच्या घरातून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. आईने वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी क्षणभर आठवले आणि म्हणाल्या, "म्हंजे शनवारी चूल न पेटवणारे! माझ्या सासूबाई सांगायच्या. बिरड्याच्या सणाला केळीच्या पानावर जेवत ना तुम्ही?" जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दिवसाच्या शोकाला कोकणात आम्ही बिरड्याचा सण म्हणत असू, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे असे. माझ्या मुलीला त्या दिवसाचे हिब्रू नाव येते, पण हे नाव तिने पेणच्या एका हिंदू बाईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. बाईंनी आम्हांला जेवायला बसवले. "कोळंबी चालणार नाही तुम्हांला, पापलेट करते," असे त्या आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाल्या. निघताना आईच्या हातात पोह्याचे पापड आणि दोन किलो पोहे दिले.

वहीत पणजीच्या आईच्या नावापुढे मामाने "पेणची, नाव ठाऊक नाही" असे लिहून ठेवले आहे. पेणच्या कबरस्तानात आम्ही दोन तास हिंडलो. ते नाव काही सापडले नाही.

परतीच्या विमानात नातवाने वही मागितली आणि आपण काय काय पाहिले ते लिहायला घेतले. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून त्याने ती शेवटच्या पानाकडून उघडली. आई तेवढ्यात जागी झाली आणि त्याच्या हातातली पेन्सिल धरून मला म्हणाली, "त्याला सांग, त्या पानावर लिहू नकोस म्हणावं, तिथं दादाने मलिद्याचा हिशेब मांडलाय." मी पाहिले, तर खरेच तिथे पोहे, गूळ आणि नारळ यांचे लिरांमधले, म्हणजे तेव्हाच्या इस्रायली चलनातले, भाव लिहिलेले होते. नातवाने एक पान सोडून सुरुवात केली.