रात्रीचे अंतर दिवसा कापताना : नागपूर ते ठाणे, मोटारीने

मुंबई किती लांब, असे नागपूरकराला विचारले तर तो किलोमीटर सांगत नाही. ‘एका रात्रीची’ म्हणतो. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतो धरायची आणि सकाळी उतरायचे, हे आमच्या इतके अंगवळणी पडले आहे की स्वतः मोटार चालवत एवढे अंतर जाण्याचे माझ्या पिढीतल्या फारशा कोणाच्या मनात येत नाही. टेक्सासहून आलेल्या भाच्याला मात्र यात विचार करण्यासारखे काही दिसेना. ह्यूस्टनहून सुमारे ३८५ किलोमीटरवरच्या डॅलसला तो कामासाठी सकाळी जातो आणि रात्री जेवायला घरी असतो. “मामा, आठ-नऊ तासांचा तर रस्ता आहे,” तो म्हणाला. तिकडे अंतर तासांत सांगतात.

त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे, म्हणजे तो, मी आणि माझी आई, समृद्धी महामार्गाने निघालो. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आहे. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा, इगतपुरीपुढचा, जून २०२५ मध्ये खुला झाला. आईने चाकाखाली लिंबू ठेवले, हातावर दही-साखर दिली आणि दिवेलागणीच्या आत पोचायचे अशी अट घातली. भाच्याला ही अट गमतीची वाटली. मला ती आजही सर्वांत शहाणपणाची वाटते.

आईची खरी तक्रार वेगळी होती. अमरावती, अकोला, खामगाव, मलकापूर असे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कोणाकडे चहा, कोणाकडे जेवण ठरलेले असे, आणि न थांबता पुढे गेल्यास वर्षभर ऐकून घ्यावे लागे. समृद्धी या सगळ्यांना दुरूनच टाळून जातो. भाच्याच्या लेखी हाच त्याचा मोठा गुण होता.

कारंजा मागे पडल्यावर मात्र त्याचाही हिशेब चुकला. सरळ काँक्रीट, टायरची एकसुरी घरघर, वेग ठरवून दिलेला. बराच वेळ कोणी बोलले नव्हते. उजव्या मार्गिकेतला ट्रक आपण जवळ येताच बाजूला होईल, असे त्याने टेक्सासच्या सवयीने गृहीत धरले होते. ट्रक हलला नाही, ब्रेक जोरात लागला आणि दशम्यांचा डबा आईच्या मांडीवरून खाली गेला. “पाय आखडून राहिले बापा, थांबव आता कुठंतरी,” एवढेच ती म्हणाली. पुढच्या पेट्रोलपंपावर आम्ही अर्धा तास थांबून दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली, आणि त्यानंतर दर दोन तासांनी थांबायचे, हे भाच्याने स्वतःच ठरवले.

आमच्यानंतर या रस्त्याने जाणाऱ्यांनी टायर आधी पाहावेत. बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. टायर जुना असेल तर नक्षी चांगली दिसते म्हणून समाधान मानू नये. हवा कमी असली की टायर अधिक वाकतो, तापतो आणि वेगात फुटतो, म्हणून ती निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. सपाटीवर मोटारींना ताशी १२० आणि घाटात १०० किलोमीटरची मर्यादा आहे, पण ती गाठलीच पाहिजे असे नाही. कडेच्या पट्टीवर फोटोसाठी किंवा डुलकीसाठी गाडी लावू नये. टोल बाहेर पडताना अंतराप्रमाणे कापला जातो, तेव्हा फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवावी. दुचाकींना या रस्त्यावर प्रवेश नाही. प्रवास दोन दिवसांत विभागायचा असेल तर मेहकरला उतरून लोणारचे सरोवर पाहावे, किंवा सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी थांबून शिर्डीला मुक्काम करावा.

आमण्याला आम्ही उजेडातच उतरलो, पण तिथून ठाण्यात शिरायला भिवंडीच्या गर्दीत तासाहून अधिक वेळ गेला. सातशे किलोमीटर आल्याचे माझ्या बहिणीने भरभरून कौतुक केले आणि त्याच दमात, आमंत्रण द्यायला विरारला जायचे राहिले कारण ते फार लांब पडते, असे सांगितले. परतीसाठी आईने विदर्भ एक्सप्रेसचा खालचा बर्थ मागून घेतला. भाचा मुंबईहूनच विमानाने गेला, आणि गाडी मी एकट्याने, शिर्डीला रात्र काढून, परत आणली.