शाल आणि चोवीस डिग्री

भर मे महिन्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसात शिरलं की समोर अकाउंट्सच्या मॅडम शाल पांघरून बसलेल्या दिसतात. बाहेर 39 डिग्री, आत एसी 20 वर. हिवाळ्यात त्या ही शाल घरी नेतात, कारण तेव्हा इथे एसी बंद असतो.

"24 वर ठेवला तर बिल कितीनं कमी येईल, काढा जरा," साहेब म्हणाले. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. (2020 पासून स्टारवाले नवे घरगुती एसी चालू करताच 24 वर येतात, तेही याच ब्युरोमुळे.) चार डिग्री म्हणजे 24 टक्के! बिलाला गुणलं, आकडा चांगला घसघशीत आला.

मग लक्षात आलं, बिल काही एकट्या एसीचं नाही. दिवे, लिफ्ट, सर्व्हर सगळेच त्यात वाटेकरी. एसीचा वाटा निम्मा धरला तर उरले 12 टक्के. त्यातही मेख होती. आतबाहेरचा फरक 19 वरून 15 वर आला की भिंती-काचांतून येणारी उष्णता पाचव्या हिश्श्यानं घटते खरी, पण आतल्या उष्णतेचं काय? बसून काम करणारा माणूस जुन्या 100 वॅटच्या बल्बएवढा तापतो. आम्ही साठ जण, म्हणजे नुसतं बसून सहा किलोवॅट! रिमोटवर काहीही केलं तरी आम्ही तेवढेच तापणार. बरं, गेल्या मेच्या बिलाशी ताडून पाहावं, तर तेव्हा वळवानं आठवडाभर गारवा केला होता.

शेवटी थर्मोस्टॅटच, म्हणजे खोलीचं तापमान मोजून एसी चालू-बंद करणारी डबीच, बघायला गेलो. तो चहाच्या मशीनच्या बरोब्बर वर! अकराला आणि चारला वाफ वर गेली की त्या बिचाऱ्याला वाटतं, अख्खं ऑफिस उकडतंय. घरून तापमापक आणून मॅडमच्या टेबलावर ठेवला. 18! त्यात डोक्यावर एसीचा झोत.

कागदावर मी लिहिलं, "बचत 8 ते 12 टक्के; आधी चहाचं मशीन हलवावं." साहेबांनी पहिला भाग वाचून मान डोलावली. दुसरा वाचून म्हणाले, "तिथेच पाण्याची लाइन आहे हो."

तापमापक मॅडमनी अजून परत दिलेला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.