रामटेक: राममंदिराआधी नृसिंह बघा

नागपूरकराला रामटेक म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. गाडी वरपर्यंत न्यायची, रामाचं दर्शन, कालिदास स्मारकापाशी फोटो, खिंडसीला बोटिंग, की परत. या धावपळीत गडावरचं सगळ्यात जुनं बांधकाम हमखास बघायचं राहून जातं.

म्हणून सांगतो, गाडी खाली अंबाळा तलावापाशीच लावा आणि दगडी पायऱ्यांनी चढा. वर पोचता पोचता वाट फुटते. गर्दी गडाच्या दरवाजाकडे वळते. तुम्ही आधी केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही दोन देवळं गाठा. दोन्ही वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या काळातली, पाचव्या शतकातली. म्हणजे शिवरायांच्याही हजार-बाराशे वर्षं आधीची! बाहेरून अगदी साधी, बुटकी, सपाट छताची. आत मात्र लाल वालुकाश्मातला भलाथोरला नृसिंह ऐसपैस बसलेला आहे. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही. दोनच हात, हातात चक्र, आणि चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही. आत अंधार असतो, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, म्हणजे आयाळीचे वळसे नीट दिसतात.

केवल नृसिंहाच्या भिंतीत एक झिजलेला शिलालेख आहे. राणी प्रभावतीगुप्तेच्या लेकीने आईच्या स्मरणार्थ हे देऊळ उभारलं, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. ही प्रभावती म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला आणि मुलं लहान, तेव्हा वाकाटकांचं राज्य तिने चालवलं. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामी’च्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या पायाशी बसून दिलेला आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. त्यावर वाद आहेत, पण रामटेकात तो विषय काढू नका, तासभर सुटका नाही.

मग वराह दरवाजा. आत मंडपाखाली एकाच दगडातला चार पायांचा वराह उभा आहे, तोही वाकाटकांचाच. पुढे सिंगपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे ओलांडत लक्ष्मण मंदिर आणि मग राममंदिर. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला, तेराव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख आहे. तटबंदीची डागडुजी अठराव्या शतकात पहिल्या रघूजी भोसल्यांनी केली. एकाच टेकडीवर वाकाटक, यादव आणि भोसले असे एकापाठोपाठ भेटतात.

माकडांपासून सांभाळा. प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवलीत तर ती गेलीच समजा. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत खाली उतरा, अनवाणी पायांना फरशी चटके देते. त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा दांडगी असते; शिल्पं निवांत बघायची असतील तर ते दिवस टाळा.

नागपूरहून एसटी मिळते. स्वतःच्या गाडीने कामठी, कन्हान करत मनसरला वळायचं, सगळं अंतर पन्नासेक किलोमीटर. मनसरला हिडिंबा टेकडीवर वाकाटककालीन विटांचं भलंमोठं बांधकाम उघडं पडलंय, ते जाताना बघा. वेळ उरला तर रामटेकहून नगरधनचा किल्ला जवळच आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. किल्ल्याभोवती सावली फारशी नाही, पाणी सोबत घ्या.